‘लाइन गेली’ म्हणजे नेमकं काय गेलं? मोटरीच्या कामात पोरांना सांभाळून शिकवताना

माझ्याकडे नवं पोरगं कामाला आलं की पहिल्या दिवशी मी त्याच्या हातात पाना-पक्कड देत नाही. एक प्रश्न विचारतो. शेतात ‘लाइन गेली’ म्हणजे काय?

उत्तर बहुतेक वेळा एकच येतं. “मोटर बंद पडली म्हनजे लाइन गेली, काका.”

हे उत्तर चूक आहे. ते का चूक आहे हे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगता येईपर्यंत त्याचा हात स्टार्टरच्या पेटीत जाऊ द्यायचा नाही, असा माझ्या दुकानाचा नियम आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यात मी मोटर वाइंडिंग (मोटरीतली तांब्याची तार नव्याने गुंडाळणं) आणि पंप दुरुस्तीचं काम करतो. आजवर पंधरा-सोळा पोरं हाताखालून गेली. कोणी आयटीआय झालेलं, कोणी दहावी नापास, तर कोणी दोन एकर कपाशीवर घर चालत नाही म्हणून आलेलं. त्यांना काम शिकवताना जे कळलं ते इथे लिहितो आहे. माझ्यासारख्या मिस्त्र्यांनी वाचावं, आणि पोराला कोणाच्या हाताखाली द्यायच्या आधी काय विचारावं हा प्रश्न पडलेल्या आईबापांनीही वाचावं.

आधी ‘लाइन’ समजून घेऊ. शेतातल्या मोटरीला तीन फेज, म्हणजे विजेच्या तीन जिवंत तारा लागतात. कोणत्याही दोन फेजमध्ये ४१५ व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि एक फेज व न्यूट्रल यांच्यात २३० च्या आसपास. तीनपैकी एक फेज गेला तर मोटर उचलत नाही, नुसती घुं घुं करते. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर चालू न देणारं यंत्र) बसवला असेल तर स्टार्टरच लागत नाही. शेतकरी म्हणतो, लाइन गेली. पण उरलेल्या दोन तारांत वीज तशीच उभी असते. दुसरा प्रकार, स्टार्टरचं लाल बटण दाबलं. मोटर थांबली, पण वरून येणाऱ्या तारा जिथे जोडल्या आहेत ते स्क्रू जिवंतच राहतात. तिसरा प्रकार, फीडरची (शेतांना ठराविक तास वीज देणाऱ्या लाइनीची) वेळ संपली. आता खरोखर तिन्ही तारा मेल्या, पण त्या कोणत्या मिनिटाला परत जिवंत होतील ते शेतात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात नाही. त्यात कोणी ॲटो स्विच बसवला असेल तर वीज येताच मोटर आपोआप सुरू होते. महावितरण शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं सांगत आलं आहे की ॲटो स्विच काढा आणि कपॅसिटर लावा, कारण सगळ्या मोटरी एकदम सुरू होऊन डीपीवर, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो. मी पोरांना त्याचं दुसरं कारण सांगतो. कपलिंगमध्ये (मोटर आणि पंप जोडणाऱ्या फिरत्या भागात) बोटं असताना मोटर सुरू झाली तर बोटं जातात.

म्हणजे ‘लाइन गेली’ या दोन शब्दांत तीन-चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यातल्या एकीतही बिनधास्त हात घालावा असं नाही.

हे मला आधीपासून कळत होतं. तरी एकदा माझ्याच हाताखालच्या पोराला झटका बसला.

मृगाचे दिवस होते. एका विहिरीवर मोटर उतरवायची होती. मी खाली पंपाजवळ होतो आणि पोरगं वर खोपीत स्टार्टरपाशी. एकोणीस वर्षांचं, हुशार, हाताला चपळ. शेतकरी म्हणाला, लाइन गेली. मी खालून ओरडलो, “लाइन गेली हाय, वायर सोड.” ते म्हणालं, “हो काका.” पुढच्या क्षणी ते भिंतीवर आदळलं. दोन फेज चालू होते. तळहात भाजला, नशिबाने जीव वाचला. फ्यूज काढायला मी सांगितलं नव्हतं आणि स्वतःही काढले नव्हते. चूक सगळी माझी.

पण मला आजही झोपू देत नाही ती त्यानंतरची गोष्ट. दवाखान्यात ते मला म्हणालं, “टेस्टर जरासा पेटल्यावानी वाटला होता काका. पन तुमी म्हनलं लाइन गेली, मंग मी...”

त्याने धोका डोळ्याने पाहिला होता. माझ्या शब्दाला मान देऊन त्याने स्वतःचा डोळा खोटा ठरवला. आपल्याकडे पोरांना हेच शिकवलेलं असतं: मोठ्याला उलट बोलू नये, मिस्त्री सांगतो ते ऐकावं. घरात ते ठीक असेल. विजेच्या कामात त्याने जीव जातो. शिकाऊ पोराला सांभाळायचं म्हणजे त्याला हातमोजे द्यायचे एवढंच नाही. त्याने पाहिलेली गोष्ट माझ्या शब्दापेक्षा मोठी मानली जाईल, याची त्याला खात्री वाटली पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर येतं.

‘हो काका’चं काय करायचं

‘समजलं का?’ हा प्रश्न मी बंद केला आहे. त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ येतं. न समजलेलं पोरगं जास्त जोरात ‘हो’ म्हणतं. आता मी म्हणतो, “आता तू काय करनार हायेस ते मले सांग.” ते सांगायला लागलं की कुठे अडतं ते लगेच दिसतं. “आधी फ्यूज काढीन, मंग... मंग वायर सोडीन.” मध्ये तपासणी राहिली. तिथेच थांबायचं, रागवायचं नाही, परत पहिल्यापासून सांगायला लावायचं. यात पाच मिनिटं जातात. शेतकरी बाजूला उभा राहून चुळबुळ करतो, त्याला करू द्यावी.

दुसरी गोष्ट, ‘मले समजलं नाही, अजून एकडाव सांगा’ हे वाक्य जे पोरगं म्हणेल त्याला चार लोकांसमोर कधीही हसायचं नाही. एकदा हसलात की ते पोरगं परत विचारणार नाही, आणि त्याच्याकडे पाहून बाकीचीही विचारणार नाहीत. मी उलट करतो. “थांबा” म्हणून मला कोणी अडवलं की काम तिथेच थांबवतो, त्याची शंका चुकीची असली तरी. फ्यूज परत पाहतो, परत टेस्ट करतो. शंका खोटी निघाली तर दहा मिनिटं गेली, बस्स.

इथे मिस्त्री लोकांची एक खरी अडचण आहे. जे हाताला बसतं ते तोंडातून निघत नाही. कापूस वेचणाऱ्या बाईला विचारा, बोंडातून पाला-कचऱ्याशिवाय स्वच्छ कापूस कसा काढता? ती काढून दाखवील, सांगता येणार नाही. आपलंही तसंच आहे. पेटी उघडताना मी आधी बाजूला उभा राहतो, काडीने आत ठोकतो (पेटीत गांधीलमाशीचं पोळं असतं, कधी सापही असतो), चप्पल ओली आहे का पाहतो, घड्याळ काढून खिशात टाकतो. यातलं काहीच मी कोणाला शिकवलं नव्हतं, कारण मी हे करतो हे मलाच माहीत नव्हतं. एका पोराला मी सांगितलं, दिवसभर माझ्या मागे राहा आणि मी न सांगता काय काय करतो ते वहीत लिही. संध्याकाळी दोन पानं भरली होती. त्यातल्या चार गोष्टी चुकीच्या सवयी होत्या. तार दातांनी सोलणं ही एक. वीज आहे का ते उलट्या बोटाने चाचपून पाहणं ही दुसरी. ही सवय जुन्या मिस्त्र्यांमध्ये सर्रास दिसते, आणि पोरं पहिल्यांदा हीच उचलतात, कारण ती मर्दानी दिसते.

किती वीज मारते

हे आकडे मी दुकानाच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवले आहेत. शरीरातून १ मिलिॲम्पिअर गेला तर झिणझिण्या येतात. १० ते १५ च्या आसपास मूठ आवळली जाते आणि उघडत नाही, कारण बोटं मिटणारे स्नायू उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा ताकदवान असतात. ३० च्या पुढे श्वास आणि हृदय धोक्यात येतं. १०० च्या आसपास हृदयाचा ताल बिघडून ते नुसतं थरथरत राहू शकतं, रक्त ढकलत नाही.

आता जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब घ्या. तो साधारण २६० मिलिॲम्पिअर खातो. म्हणजे एक बल्ब पेटायला जेवढी वीज लागते, तिच्या निम्म्याहून कमी विजेत माणूस मरू शकतो. घामाने भिजलेल्या शरीराचा अडथळा साधारण १००० ओहम धरला तर २३० व्होल्टवर २३० मिलिॲम्पिअर जातात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, अंगावर कोरडी जागा राहत नाही. जूनमध्ये पायाखाली चिखल असतो. कामाचा हंगाम आणि धोक्याचा हंगाम एकच. म्हणून दुकानातल्या टेबलाला ३० मिलिॲम्पिअरवर पडणारा ईएलसीबी (वीज गळली की आपोआप बंद होणारा स्विच) आहे. त्याचं टेस्ट बटण दर सोमवारी पोरगंच दाबतं.

हे आकडे पाठ करून घ्यायचे नसतात. ‘नुसता हलकासा झटका होता’ म्हणणाऱ्या पोराला भिंतीसमोर उभं करायला ते उपयोगी पडतात.

अंतराची गोष्ट

पोरगं कधी एकट्याने काम करायला तयार होतं? महिने मोजून हे ठरत नाही. मी अंतराने मोजतो. आधी हाताच्या अंतरावर, मग नजरेच्या, मग हाकेच्या, आणि शेवटी फोनच्या.

हाताच्या अंतरावर म्हणजे त्याचा हात कुठेही जाण्याआधी मला पकडता आला पाहिजे. या काळात ते जिवंत पेटीला हात लावतच नाही. दुकानात जळालेल्या मोटरी खोलतं, जुनं वाइंडिंग काढतं, टर्न मोजतं, वार्निश लावतं. तिथलेही धोके आहेत. वार्निशजवळ बिडी पेटवायची नाही, ग्राइंडरचं गार्ड काढायचं नाही, डोळ्यावर चष्मा पाहिजे. पण ते धोके दिसतात, त्यांचा आवाज येतो, वास येतो. दिसणाऱ्या धोक्यावर शिस्त बसली की मग न दिसणाऱ्याकडे न्यायचं.

नजरेच्या अंतरावर आलं की फ्यूजचा पाठ सुरू होतो. तिन्ही किटकॅट (हाताने उपसून काढता येणारे फ्यूज) काढायचे आणि ज्याचा हात आत जाणार त्याच्याच खिशात ठेवायचे. माझ्या खिशात नाही, शेतकऱ्याच्या तर मुळीच नाही. मोठ्या कारखान्यांत यासाठी कुलूप आणि चिठ्ठी असते, आपल्याकडे खिसा आहे. मग तपासणी. टेस्ट लॅम्प आधी जिथे वीज नक्की आहे तिथे लावून पाहायचा, म्हणजे दिवा चांगला आहे हे कळतं. मग कामाच्या जागी. मग परत वीज असलेल्या जागी, म्हणजे मधल्या वेळात दिवा उडाला नाही हे कळतं. शेतात दोन बल्ब सीरीजमध्ये जोडलेला लॅम्प लागतो, कारण एकटा २३० चा बल्ब ४१५ वर फुटतो. तीन फेजच्या तीन जोड्या आणि प्रत्येक फेज ते अर्थिंग, असं सहा वेळा पाहायचं. नुसत्या पेनासारख्या टेस्टरवर भरवसा ठेवायचा नाही. भर उन्हात त्याचा दिवा दिसतच नाही. पेटीत कपॅसिटर असेल तर वीज काढल्यावरही त्यात साठा राहतो, तो बल्ब लावून रिकामा करायचा. पेचकसने ठिणगी उडवून दाखवायची हौस असते पोरांना, ती मोडून काढायची.

सगळ्यात जास्त धोका मला हाकेच्या अंतरावर वाटतो. साधारण सहा-आठ महिने झालेले असतात. पहिल्या आठवड्यातलं पोरगं भितं, म्हणून जपतं. आता त्याची भीती गेलेली असते आणि काम अर्धं आलेलं असतं. गावात लोक त्याला ‘मिस्त्री’ म्हणायला लागतात. शेतकरी मला टाळून थेट त्याला फोन करतो, कारण ते कमी पैसे घेतं. याच काळात मी त्याच्यावर जास्त लक्ष ठेवतो आणि त्याला ते आवडत नाही. भांडणं होतात. एकाने काम सोडलं. तरी मी ढील देत नाही.

या काळासाठी काही गोष्टी मी पक्क्या ठरवल्या आहेत. रात्रपाळीच्या लाइनीवर शिकाऊ एकटा जाणार नाही. बोअरमधून पाइप काढताना चेन पुलीखाली तो उभा राहणार नाही, क्लॅम्प दोन असतील, आणि एक आवळल्याशिवाय दुसरा सुटणार नाही. विहिरीत डिझेल इंजिन चाललं असेल तर तिच्यात उतरायचं नाही. त्या धुरातल्या विषारी वायूला रंग-वास नसतो, आणि कंदील सोडून पाहण्याची जुनी पद्धत तो वायू दाखवत नाही. आत कोणी बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे उतरायचं नाही, हे सांगताना माझा गळा दाटतो, पण सांगतो. एकामागे एक उतरून माणसं गेलेली आहेत.

फोनच्या अंतरावर गेलेलं पोरगं म्हणजे तयार झालेला माणूस. तरी पहिलं वर्षभर तो कामाला हात लावण्याआधी मला फोन करतो. मी एवढंच विचारतो, “किटकॅट कोनाच्या खिशात हाय?”

डीपीवर चढणं

गावोगाव एक ‘झिरो वायरमन’ असतो. ना परवाना, ना नोकरी, ना विमा. लाइनमनचा जुजबी मदतनीस म्हणून सुरुवात होते आणि मग गावच त्याला डीपीवर चढवतं. ही पोरं बहुतेक आमच्यासारख्यांच्या दुकानांतून तयार होतात, म्हणून ही जबाबदारी आमची आहे.

वेळ कशी येते ते पाहा. तुरीला, गव्हाला पाणी द्यायचं असतं. डीओ (डीपीवरचा वरच्या लाइनीचा फ्यूज) उडालेला असतो. लाइनमनकडे कितीतरी गावं, तो दुसरीकडे असतो. शेतकरी हात जोडतो, “बापू, पीक वारून रायलं, एवढा तार टाकून दे.” नातेवाईक असतो, गावचा असतो. तिथे ‘नाही’ म्हणणं वाइंडिंग करण्यापेक्षा अवघड आहे.

म्हणून मी हे ‘नाही’ शिकवतो, जसं वाइंडिंग शिकवतो तसं. डीपीच्या वरच्या बाजूला ११,००० व्होल्ट असतात. एवढ्या दाबाला स्पर्शही लागत नाही, जवळ गेलं तरी वीज उडी घेते. एबी स्विच (खांबावरचा, दांड्याने ओढायचा मोठा स्विच) खाली ओढला म्हणजे वीज गेली असं नाही. एखादी पाती चिकटून राहते, ती खालून नीट दिसत नाही. खालच्या बाजूने कोणाचं जनरेटर चालू असेल तर वीज उलटी चढते. परमिट घेऊन, अर्थिंग टाकून काम करायचा अधिकार आणि साधनं वीज कंपनीच्या माणसाकडे असतात. पोराला मी एक वाक्य देऊन ठेवलं आहे: “माझ्या मिस्त्रीनं मले डीपीवर हात लावू नको म्हनलं हाय.” दोष माझ्यावर घे, शिव्या मला खाऊ दे. त्याला गावात तोंड राहतं आणि तो खाली राहतो.

सौर पंपापुढे मीही शिकाऊ

आता शेतोशेती सौर पंप लागत आहेत. ५ एचपीच्या पंपाला ५ किलोवॉटच्या आसपास पॅनेल असतात, एकामागे एक जोडून कित्येकशे व्होल्ट डीसी तयार होतो. आमच्या साऱ्या सवयी एसीच्या. एसी सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, म्हणून तार ओढली की ठिणगी विझते. डीसी शून्यावर येत नाही. चालू लोडवर पॅनेलचा जोड ओढला तर जाळ पेटतो आणि ताणला जातो. आणि इथे काढून खिशात ठेवता येईल असा फ्यूज सूर्याला नाही. ऊन आहे तोवर पॅनेल जिवंत. आधी कंट्रोलर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा स्विच), आणि तरीही पॅनेलकडच्या तारा जिवंत समजायच्या.

हे मला आयटीआय झालेल्या एका पोराने समजावलं. मी त्याला सांगायला लावलं आणि बाकीच्यांसमोर वहीत लिहून घेतलं. मिस्त्री लिहून घेतो आहे हे पोरांनी पाहणं मला महत्त्वाचं वाटलं.

कायद्याचं थोडक्यात. १४ वर्षांखालच्या पोराला कामावर ठेवताच येत नाही. १४ ते १८ मधल्याला धोक्याच्या कामावर लावता येत नाही, २०१६ च्या दुरुस्तीनंतर हे स्पष्ट आहे. माझ्या दुकानात १८ च्या आत कोणी नाही. ‘नुसतं पाना द्यायला ठेवा’ म्हणून बाप घेऊन आला तरी नाही. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. ३० किंवा जास्त माणसं असतील तिथे शिकाऊ घेणं बंधनकारक, ४ ते २९ असतील तिथे ऐच्छिक. त्यात लेखी करार होतो, विद्यावेतन ठरतं, आणि शिकताना अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. आमचं दुकान एवढं मोठं नाही. पण अपघात विमा मी प्रत्येकाचा काढतो, आणि आईबापांनी मिस्त्रीला पहिला प्रश्न हाच विचारावा. पगाराचा नंतर.

राहिली शेवटची तयारी. झटका बसलेल्या माणसाला आधी हात लावायचा नाही. वीज तोडायची. तोडता येत नसेल तर कोरड्या लाकडाने बाजूला करायचं, आणि हे फक्त खालच्या लाइनीवर. ११,००० च्या तारेजवळ लाकूडही वाचवत नाही. मग १०८ ला फोन. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दाब द्यायचा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. येत असेल तर ३० दाबांनंतर २ श्वास, नसेल येत तर नुसते दाब. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं नाही, दोघांनी आळीपाळीने करायचं. कोणी मातीत गाडायला सांगेल, कोणी पाणी टाकायला. त्यांना बाजूला करायचं.

हे सांगून येत नाही, दाबून येतं. दुकानाच्या कोपऱ्यात कापूस ठासून भरलेलं एक पोतं ठेवलं आहे. दर तीन महिन्यांनी सगळी पोरं त्यावर दोन-दोन मिनिटं दाब देतात, मीही देतो. दुसऱ्या मिनिटाला हात भरून येतात, तेव्हा पोरांना कळतं की दुसरा माणूस का लागतो. त्या दिवसापासून विहिरीवर एकटं कोणी जात नाही.